ग्रेपवाइनचं उत्तर चुकलं, तेही द्राक्षवाल्याच्या पोरीचं! इंग्रजी इडियम्स पाठ कसे करायचे?

बागेतली_पोर
रविवार, रात्री 11.10

मंडळी, डोक्याला ताप झालाय म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

तलाठी भरतीची तयारी करतेय. कागदावर आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात आणि अभ्यासिकेत सगळे अजून तलाठीच म्हणतात. मी निफाड तालुक्यातली. घरी साडेतीन एकर द्राक्षबाग. बी.एस्सी. झाल्यापासून नाशिकला अशोकस्तंभाजवळ कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहते आणि सकाळी सातला अभ्यासिकेत खुर्ची धरते. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. इंग्रजीचं व्याकरण नियमाने चालतं म्हणून जमतं. टेन्स, व्हॉइस, आर्टिकल यांत फारसे गुण जात नाहीत. घोडं पेंड खातं ते इडियम्सपाशी.

क्लासने सातशे इडियम्सची पीडीएफ दिली. मी ती छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतली आणि 'ए'पासून सुरुवात केली. रोज पंचवीस. 'डी'पर्यंत पोहोचले तोवर 'ए' पुसला गेला होता. पुन्हा 'ए'ला आले तर 'सी' गेला. आता वहीची पहिली तीस पानं कानाकोपऱ्यांनी फाटलीत आणि पुढची कोरी करकरीत आहेत.

आज सराव परीक्षा होती. इंग्रजीच्या 25 प्रश्नांत पाच इडियम्सचे आले. चार चुकले. कसे, तेही सांगते, लाज सोडून.

'हिअर इट थ्रू द ग्रेपवाइन'. मी टिक केलं, कष्टाचं फळ मिळणे. बरोबर उत्तर, कर्णोपकर्णी कळणे, अफवेतून बातमी मिळणे. वेलींच्या मांडवाखाली लहानाची मोठी झाले आणि त्याच वेलीने दगा दिला. रूममेट म्हणाली, अण्णांना सांग, बाग विकून टाका.

'पुल समवन्स लेग'. मी लिहिलं, एखाद्याच्या प्रगतीत अडथळा आणणे. बरोबर उत्तर, थट्टा करणे.

'वॉश वन्स हँड्स ऑफ'. मी लिहिलं, पुरेपूर फायदा उठवणे. बरोबर उत्तर, जबाबदारी झटकणे.

'ॲट द इलेव्हन्थ आवर'. मी लिहिलं, रात्री उशिरा. बरोबर उत्तर, अगदी शेवटच्या क्षणी.

पाचवा होता 'क्रोकोडाइल टिअर्स'. तो बरोबर आला. पण तो काही पाठ नव्हता, पीडीएफच्या 'सी'मध्ये असूनही आठवला नव्हता. 'मगरीचे अश्रू' म्हणून सुटला, इतकंच.

तर प्रश्न असा की हे सातशे पाठ करायचे कसे? की करायचेच नाहीत? कोणी याच खड्ड्यातून वर आलं असेल तर सांगा. 'रोज इंग्रजी पेपर वाच' असं कृपया सांगू नका. वाचते. त्यात तीन दिवसांत एक इडियम भेटतो आणि तो माझ्या यादीत नसतो.

---

कट्टा_कॅनडा_कॉर्नर
रविवार, रात्री 11.32

ताई, आधी हिशेब मांड. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न, 200 गुण, वेळ दोन तास. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन-अंकगणित, प्रत्येकी 25 प्रश्न. त्या 25 मध्ये इडियम्सना येऊन येऊन किती जागा मिळणार? तुझ्या सराव पेपरवाल्याने पाच टाकले ते जरा हात सैल सोडून. दोन-तीन प्रश्नांसाठी महिना जाळू नकोस, तेवढ्या वेळात अंकगणित पक्कं होईल.

दुसरं, तलाठीला नकारात्मक गुण नव्हते. म्हणजे एकही इडियम कोरा सोडायचा नाही. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलला (केंद्र सरकारची पदवीधरांची भरती) बसणार असशील तर गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या टप्प्यात दोन गुणांच्या प्रश्नाला चुकलं की अर्धा गुण कापतात.

आणि एक घरगुती युक्ती. चार पर्यायांत जो शब्दशः अर्थ असतो तो आधी खोड. पेपर काढणाऱ्याने तो तुझ्यासारख्यांसाठीच ठेवलेला असतो. राग मानू नकोस, मीही त्यातलाच.

---

नाकासमोर_चालणारा
सोमवार, सकाळी 6.50

ताई, तुमची चार चुकलेली उत्तरं मी दोनदा वाचली आणि चहा गार झाला. तुम्ही विसरलात म्हणून ती चुकली असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तसं नाही. तुम्ही त्या चारही ठिकाणी उत्तर *दिलंय*, ठाम दिलंय. कोणीतरी तुमच्या कानात ते सांगितलं. तो कोणीतरी म्हणजे तुमची मराठी.

बघा. 'पाय ओढणे' म्हणजे मराठीत एखाद्याला वर जाऊ न देणे. तुम्ही तेच लिहिलंत. 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' म्हणजे फायदा उठवणे. तुम्ही तेच लिहिलंत. मगरीच्या अश्रूंना याच मराठीने तारलं आणि पायाला, हाताला याच मराठीने बुडवलं. ए-बी-सी-डीच्या यादीत हे कळायला मार्गच नाही, कारण त्या यादीला तुम्ही मराठी बोलता हे माहीत नाही.

मी महसुलात कारकून आहे. दोनदा आपटून तिसऱ्या खेपेला लागलो. दुसऱ्या खेपेला इंग्रजीनेच घात केला. तिसऱ्या वेळी मी यादी फाडली आणि ढीग केले. एक ढीग जुळ्यांचा. आगीत तेल ओतणे, एका दगडात दोन पक्षी, कोल्ह्याला द्राक्षं आंबट, मांजराच्या गळ्यात घंटा, आगीतून फुफाट्यात. हे इंग्रजीतही जवळजवळ तसेच आहेत. त्यांना एकदा हात लावायचा आणि बाजूला ठेवायचं. तुमच्या सातशेतले बरेचसे इथेच गळतील.

दुसरा ढीग फितुरांचा. दिसायला आपले, पण ऐन वेळी शत्रूला मिळतात. सगळा अभ्यास यांचाच करायचा.

आता नाशिककराने सुरुवात कुठून करावी? नाकापासून. लक्ष्मणाने इथेच शूर्पणखेचं नाक कापलं, नासिकेवरून नाशिक पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. मी नाकाचे इडियम्स एका कागदावर काढले आणि मला पहिल्यांदा या विषयाची गंमत वाटली.

'पोक वन्स नोज', नाक खुपसणे. जुळं. 'टर्न अप वन्स नोज', नाक मुरडणे. जुळं. 'फॉलो युअर नोज', सरळ नाकासमोर जाणे. जुळं, आणि माझं इथलं नावही. 'लीड समवन बाय द नोज', वेसण हातात धरून हवं तिकडे वळवणे. बैल डोळ्यांपुढे आणा, झालं. 'कट ऑफ युअर नोज टु स्पाइट युअर फेस', म्हणजे रागाच्या भरात स्वतःचंच नुकसान करून घेणे. आपल्याकडे 'आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन' म्हणतात. सातासमुद्रापलीकडच्या माणसालाही रागात नाकच कापावंसं वाटलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता फितूर. 'कीप युअर नोज टु द ग्राइंडस्टोन'. मराठी कान लगेच म्हणतो, नाक घासणे, लाचारी. चूक. अर्थ आहे मान मोडून, सतत काम करणे. 'पे थ्रू द नोज'. मराठी कान म्हणतो, नाकी नऊ आले. चूक. अवाच्या सवा किंमत मोजणे. 'अंडर वन्स नोज'. मला वाटलं होतं, नाकावर टिच्चून. तेही चूक. डोळ्यांदेखत, अगदी समोर असून न दिसणे. यात टिच्चून करण्याचा तोरा नाही.

एका नाकात आठ इडियम्स झाले आणि त्यातले तीनच पाठ करायचे होते. मग मी हात, पाय, डोळे, डोकं असे कागद केले. 'ब्रेक अ लेग' म्हणजे शुभेच्छा, हे तंगडी मोडण्याच्या धमक्या ऐकत वाढलेल्या पोराला कसं पटणार? 'गिव्ह द कोल्ड शोल्डर', टाळणे, थंडपणे वागवणे. आपल्याकडे खांदा देतात तो कुठे, हे सांगायला नको. 'ग्रीज समवन्स पाम', लाच देणे. आपल्याकडे 'हात ओले करणे'. तेल की पाणी एवढाच फरक. आता तलाठी होणार आहात, तर हा नीट लक्षात ठेवा. पेपरपुरताच.

तिसरा ढीग परक्यांचा, ज्यांना मराठीत कोणी नातेवाईकच नाही. ग्रेपवाइन त्यातला. तो ढीग छोटा असतो आणि त्याला गोष्ट लागते. गोष्टी सांगणारं इथे कोणीतरी असेलच.

ऑफिसला पळतो. सातबाऱ्याची रांग माझी वाट बघतेय.

---

थिंक_इन_इंग्लिश
सोमवार, दुपारी 1.15

वरच्या दादांचं लिखाण वाचायला झकास, पण मला पटत नाही. पेपरात पर्याय इंग्रजीत असतात. 'पाणी मुरतंय' हा पर्याय कुठे येणार? 'स्मेल अ रॅट'समोर 'टु सस्पेक्ट' लिहिलेलं असतं. आधी इंग्रजी इडियम, मग मराठी वाक्प्रचार, मग पुन्हा इंग्रजी अर्थ, एवढी वारी करायची कशाला? दोन तासांत 100 प्रश्न आहेत. मराठीच्या कुबड्या जितक्या लवकर टाकाल तितकं बरं.

शिवाय मराठी जोड्या नेमक्या नसतात. 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स'ला सगळी पुस्तकं 'वाहत्या गंगेत हात धुणे' लावतात. इंग्रजीत ती चांगली गोष्ट आहे, ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या. मराठीत हात धुणारा माणूस थोडा लबाड असतो. वाक्यात वापरून प्रश्न आला की इथेच गुण जातात.

---

नाकासमोर_चालणारा
सोमवार, संध्याकाळी 7.40

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. हे गवत आणि गंगा माझ्याही वहीत जुळे म्हणून होते, आज रात्री फितुरांत टाकतो.

पहिला अर्धा मान्य. कागदावर मराठीच्या खाली इंग्रजी अर्थ दोन-तीन शब्दांत लिहायलाच हवा, कारण पर्यायात तोच येतो. टु सस्पेक्ट, टु रिव्हील अ सीक्रेट, व्हेरी रेअरली. पण कुबड्या टाका म्हणता ते जमत नाही हो. ताईंनी कुठे मुद्दाम मराठी वापरली होती? ती न बोलावता आली. न बोलावता येणाऱ्या पाहुण्याला दारातच ओळखलेलं बरं.

---

निवृत्त_बाई_नाशिकरोड
सोमवार, रात्री 9.25

बाळ, मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. 'कोणीतरी असेलच' असं वर लिहिलंय, तर मी आहे.

आधी तुझा अकरावा तास. ही गोष्ट तुझ्याच घरची आहे. बायबलमध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला दृष्टान्त आहे. एका द्राक्षमळ्याच्या मालकाला मजूर हवे असतात. तो पहाटे अड्ड्यावर जातो, मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी एक दिनार. मग तिसऱ्या तासाला जातो, सहाव्या, नवव्या, आणि शेवटी अकराव्या तासाला जातो. तिथे अजून काही माणसं रिकामी उभी असतात. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा तास मोजत. म्हणजे अकरावा तास आपल्या घड्याळात संध्याकाळी पाचच्या आसपास. दिवस मावळायला एक तास उरलेला. म्हणून 'अकराव्या तासाला' म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला. रात्रीचे अकरा नव्हेत. पुढे काय होतं तर मालक सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. आता विसर बघू हा इडियम.

ग्रेपवाइन मात्र अमेरिकेतला. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तारयंत्र नवं होतं. तारेने येते ती सरकारी, खात्रीची बातमी, आणि तोंडातोंडी येते ती 'ग्रेपवाइन टेलिग्राफ'ची. तार सरळ जाते, वेल वेडीवाकडी. तुमच्या बागेतही तार आणि वेल दोन्ही आहेत की! मांडवाची तार बघ आणि तिला गुंडाळत गेलेली वेल बघ. बातमी कुठून कशी फिरते ते दिसेल.

'कॅरी कोल्स टु न्यूकॅसल' तुझ्या यादीत असेलच. न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येचं कोळशाचं बंदर. तिथे कोळसा न्यायचा म्हणजे लासलगावला कांदे विकायला नेणं. निफाडच्या मुलीला याहून जास्त काय सांगू?

'हॉब्सन्स चॉइस'वर माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं चुकायची. थॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा घोडे भाड्याने देणारा, 1631 मध्ये वारला. तबेल्यात घोडे पुष्कळ, पण गिऱ्हाइकाने दाराजवळचाच घोडा न्यायचा, नाहीतर चालत जायचं. शेअर रिक्षाच्या थांब्यावर उभी राहा. रांगेतली पहिली रिक्षा सोडून मागच्या नव्या कोऱ्या रिक्षात बसायला जा आणि रिक्षावाले काय म्हणतात ते ऐक. म्हणजे निवड आहे असं दिसतं, पण नसते. पर्यायांत 'दोन कठीण गोष्टींतली निवड' असंही हमखास देतात, तिथे फसू नकोस. ते 'इकडे आड तिकडे विहीर', त्याला इंग्रजीत 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी'.

इतिहास तुझा पाठ असेलच, त्याचा उपयोग कर. 'मीट वन्स वॉटर्लू' म्हणजे कायमचा पराभव पदरी येणे. नेपोलियन, 18 जून 1815. आपल्याकडे 'पानिपत झालं' म्हणतात, 14 जानेवारी 1761. 'क्रॉस द रुबिकॉन', सीझरने इ.स.पू. 49 मध्ये ती नदी ओलांडली, मग माघार नाही. आपण म्हणतो 'परतीचे दोर कापले', आणि डोळ्यांपुढे कोंढाणा येतो.

आता 'वन्स इन अ ब्लू मून'. अर्थ, क्वचित, सठीसहामासी. यात एक गंमत आहे. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. चंद्र निळा-बिळा नसतो. हे साधारण 19 वर्षांत 7 वेळा घडतं. आणि आपला अधिक महिना? तोही 19 वर्षांत 7 वेळा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ती उसनवारी दोन्हीकडे अशी फिटते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता आणि ऑगस्टात दोन पौर्णिमा. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आणि मे महिन्यात दोन पौर्णिमा. भिंतीवरची दिनदर्शिका उलटून बघ. जावयाला धोंड्याचं वाण कधी कधी मिळतं, तितक्या वेळा ब्लू मून. माझ्या यजमानांना हे उदाहरण फार आवडायचं.

एक सावधगिरी. उगमकथा सगळ्याच खऱ्या नसतात. 'बाइट द बुलेट'ची गोष्ट सगळे सांगतात की भूल नसताना सैनिक दातांत गोळी धरून शस्त्रक्रिया करून घेत. लक्षात ठेवायला छान आहे, तेवढ्यापुरती वापर. अर्थ, जे नकोसं आहे ते धीराने सोसणे. मुसळधार पावसाला तिकडे 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' का म्हणतात याच्याही डझनभर कथा आहेत. मुलं हसायची, कुत्रीमांजरं कशी पडतील म्हणून. मी विचारायची, मग मुसळं कशी पडतात?

---

कट्टा_कॅनडा_कॉर्नर
सोमवार, रात्री 10.05

बाई, तुमच्या वर्गात असतो तर आज कुठेतरी असतो. एक माझ्याकडून. आपण कोणाबद्दल बोलत असताना तोच माणूस दारात आला की आपण म्हणतो, 'शंभर वर्षं आयुष्य आहे तुला'. इंग्रजीत म्हणतात 'टॉक ऑफ द डेव्हिल'. आमच्या साहेबांना दुसरं जास्त लागू पडतं.

---

अभ्यासिका_खुर्ची_क्र_42
मंगळवार, सकाळी 8.20

सगळ्यांचं वाचलं. मला एवढंच जोडायचं आहे की इडियममधला शब्द बदलत नाही, आणि चूक ओळखा प्रश्नांत तिथेच पकडतात. 'टर्न टर्टल'चं 'टर्न टर्टल्स' होत नाही. बोट उलटणे, कासवं कितीही असोत. 'बीट अबाउट द बुश'मधला 'अबाउट' आणि 'ॲट द इलेव्हन्थ आवर'मधला 'ॲट' जपा. 'बुल इन अ चायना शॉप'मधला चायना हा देश नाही, चिनी मातीची भांडी आहेत. मी भूगोल समजून एक गुण घालवलाय. आणि नाशिक म्हणजे पूर्वीचं गुलशनाबाद, तरी इथल्या कॉट बेसिसच्या खोल्या 'बेड ऑफ रोझेस', म्हणजे सुखाची शेज, नाहीत, हा मी स्वतः बनवलेला सराव प्रश्न.

---

बागेतली_पोर
रविवार, रात्री 9.50

आठवड्याने येतेय. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय केलं ते सांगते.

स्पायरल वही फाडली नाही, पैसे गेलेत तिला. पण तिच्यावर पेन्सिलीने ज, फ, प मारत गेले. जुळे, फितूर, परके. सातशे मोजायला तीन रात्री लागल्या. जुळे आणि जुळ्यांच्या जवळचे सव्वातीनशे निघाले. त्यांना हात जोडले. काही तर दोनदा छापलेले होते, क्लासवाल्यांनी आकडा फुगवला होता. फितूर एकशे तीस. बाकी परके, त्यातले निम्मे मी कधी ऐकलेच नव्हते आणि कट्ट्यावरच्या दादांचा हिशेब आठवून सोडून दिले.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. एकेका पत्रिकेचे चार तुकडे केले. कोऱ्या बाजूला इडियम. उलटल्यावर गणपतीच्या आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या मधल्या जागेत मराठी आणि इंग्रजी अर्थ. ठेवायला एक्स्पोर्टचे तीन रिकामे पनेट (द्राक्षं भरायचे प्लास्टिकचे डबे) आणले. पहिल्या पनेटमधले रोज बघायचे. बरोबर आला की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. तिथेही बरोबर आला की तिसऱ्यात, तो रविवारी. चुकला की थेट पहिल्यात. पनेटला भोकं असतात त्यातून वाचता येतं असा शोध रूममेटने लावलाय, म्हणून आता इडियमची बाजू खाली ठेवते. 'पुल समवन्स लेग' तीनदा चुकून पहिल्यातच राहिला. तो फितूर नाही, सूर्याजी पिसाळ आहे.

थिंक इन इंग्लिशवाल्यांनाही सांगायचंय, इंग्रजी अर्थ लिहिल्याचा फायदा झाला. आजच्या सराव परीक्षेत चार आले, तीन बरोबर. त्या तिनांतला एक होता 'ईट हंबल पाय'. मी पाय म्हणजे आपला पाय समजले, कोणाचे तरी पाय धरणे. अर्थ निघाला चूक कबूल करून माफी मागणे. म्हणजे चुकीच्या वाटेने गेले आणि उत्तर बरोबर आलं. हा कुठल्या ढिगात टाकू, नाकासमोरवाले दादा? आणि चुकला तो 'बाय अ नोज', अगदी थोडक्यात जिंकणे. तुमच्या नाकाच्या कागदावर तो नव्हता!

आईची मदत सगळ्यात जास्त झाली, हे मला अपेक्षित नव्हतं. तिचं शिक्षण सातवी. फोनवर मी फक्त प्रसंग सांगते, इंग्रजी नाही. म्हटलं, आई, एखाद्याच्या वागण्यावरून संशय आला तर तू काय म्हणशील? ती म्हणाली, कुठंतरी पाणी मुरतंय. म्हटलं, गुपित बाहेर फुटलं तर? बिंग फुटलं. म्हटलं, वाईट गोष्ट वाढायच्या आधीच थांबवली तर? तर म्हणाली, वांझफूट (घड न येणारी फूट) दिसली की तेव्हाच काढायची, काडी झाल्यावर कात्री लागते. पुस्तकात 'निप इन द बड'समोर काय लिहिलंय ते मी आता बघतच नाही.

काल घरी गेले होते. बागेत विरळणी (घडातले जादा मणी काढणं) चालू आहे, हरसूलकडची मजुरांची टोळी आलीय. खाली सगळीकडे ज्वारीएवढे हिरवे मणी पडलेले, चप्पल टाकली की चुरचुरतात. संध्याकाळी अण्णा आणि मुकादम ओट्यावर हजेरीची वही घेऊन बसले होते. मी निवृत्त बाईंची गोष्ट सांगितली. पहाटे आलेल्यालाही एक दिनार आणि पाचला आलेल्यालाही एक दिनार.

मुकादम हसला. अण्णांनी वहीतून मान वर केली नाही. म्हणाले, "तो मालक दुसऱ्या दिवशी पहाटे अड्ड्यावर गेला तेव्हा कोण उभं होतं, ते नाही लिहिलं का पुस्तकात?"